राष्ट्रपतींची आधीची कारकीर्द : विधायक, वैधानिक, संसदीय की आणखी काही?

प्रश्न असा आहे : राष्ट्रपती किंवा राष्ट्राध्यक्ष होण्याआधी एखाद्या नेत्याची जी ‘लेजिस्लेटिव्ह’, म्हणजे कायदे करणाऱ्या सभागृहांतली, कारकीर्द असते, तिला मराठीत विधायक म्हणावे, वैधानिक म्हणावे की संसदीय? त्यालाच जोडून दुसरा प्रश्न : बराक ओबामा अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या सिनेटवर, म्हणजे वरिष्ठ सभागृहावर, होते, तर त्यांना ‘माजी आमदार’ म्हटलेले चालेल का?

‘विधायक’ नको. हिंदीत विधायक म्हणजे आमदार, पण मराठीत तो विध्वंसकाच्या विरुद्ध अर्थाचा शब्द आहे. ‘विधायक कारकीर्द’ वाचली की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे शाळा, वाचनालये, सहकारी संस्था उभ्या राहतात, सभागृह नाही. ‘वैधानिक’ही इथे बसत नाही. कायद्याच्या बळावर निर्माण झालेल्या किंवा कायद्याने सक्तीच्या केलेल्या गोष्टींना आपण तो लावतो : वैधानिक विकास मंडळ, वैधानिक इशारा. माणसाच्या कारकिर्दीला तो लावता येत नाही.

‘संसदीय’ हा शब्द चांगला आहे, पण तो अर्धाच भाग सांगतो. प्रतिभाताई पाटील यांचे उदाहरण घ्या. १९६२ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्या जळगावातून विधानसभेवर गेल्या. पुढे एदलाबादमधून, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरमधून, १९८५पर्यंत सलग निवडून येत राहिल्या. मध्यंतरी त्या विरोधी पक्षनेत्याही होत्या. नंतर राज्यसभा, तिथले उपसभापतिपद आणि १९९१ साली अमरावतीतून लोकसभा. या सगळ्याला ‘संसदीय कारकीर्द’ म्हटले की पहिली तेवीस वर्षे शब्दाबाहेर राहतात, आणि माझ्या मते त्यांची राजकीय जडणघडण नेमकी त्याच वर्षांत झाली. द्रौपदी मुर्मू यांच्या बाबतीत तर हा शब्द सरळ चुकीचा ठरतो. त्या २००० ते २००९ ओडिशातील रायरंगपूरच्या आमदार होत्या, संसदेच्या सदस्य कधीच नव्हत्या. उलट रामनाथ कोविंद १९९४ ते २००६ राज्यसभेत होते, पण विधानसभेत कधी नव्हते. मराठी वाचक ‘विधिमंडळ’ म्हणताच राज्याचे सभागृह समजतो, म्हणून कोविंद यांना तो शब्द चालणार नाही.

दोन्ही पातळ्या सामावणारा शब्द आपण शाळेच्या नागरिकशास्त्रात शिकलेलो आहोत : कायदेमंडळ. ‘राष्ट्रपती होण्यापूर्वीची कायदेमंडळातील कारकीर्द’ हे मी निःशंकपणे सुचवेन. काहीजण ‘लोकप्रतिनिधी म्हणून कारकीर्द’ लिहितात. वाचायला ते सोपे आहे, पण डॉ. झाकिर हुसेन राज्यसभेचे राष्ट्रपतीनियुक्त सदस्य होते. त्यांना लोकांनी निवडून दिले नव्हते, त्यामुळे तिथे हा शब्द ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो.

आता ओबामा. आमदार आणि खासदार या शब्दांतला फरक पातळीचा आहे : आमदार राज्याचा, खासदार केंद्राचा. सभागृह कोणते, हे ते सांगत नाहीत. ‘सिनेटर’ शब्दाचे नेमके उलट आहे. तो सभागृह सांगतो, पातळी नाही. ओबामा १९९७ ते २००४ राज्याच्या सिनेटवर आणि २००५ ते २००८ देशाच्या सिनेटवर होते. दोन्हीकडे नुसते ‘सिनेटर’ लिहिले तर वाचक गोंधळतो. पहिल्या उल्लेखात ‘इलिनॉय राज्याच्या सिनेटचे सदस्य’ असे पूर्ण लिहावे आणि पुढे खुशाल ‘आमदार’ म्हणावे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगन राज्याच्या प्रतिनिधीगृहातून २०२३ साली अमेरिकी काँग्रेसमध्ये गेले. आमदाराचे खासदार झाले, एवढे म्हटले की मराठी वाचकाला सगळे कळते.

अब्राहम लिंकन यांच्या बाबतीत तर ही जोडी इतिहासच उलगडून दाखवते. १८३४पासून चार मुदती ते इलिनॉयच्या कनिष्ठ सभागृहात होते, म्हणजे आमदार. १८४७ ते १८४९ देशाच्या प्रतिनिधीगृहात, म्हणजे खासदार. १८५८ साली ते स्टीफन डग्लस यांच्याविरुद्ध सिनेटच्या जागेसाठी उभे राहिले. दोघांच्या सात जाहीर वादसभा झाल्या आणि लिंकन हरले. ‘हरले’ वाचून आपल्याला वाटते की मतदारांनी त्यांना नाकारले. पण तेव्हा सिनेटर निवडायचे ते राज्याचे आमदार. मतदारांनी आमदार निवडले आणि त्या आमदारांनी ५४ विरुद्ध ४६ मतांनी डग्लस यांना पाठवले. आपल्या राज्यसभेची निवडणूक ज्याला ठाऊक आहे, त्याला हे एका वाक्यात समजते. अमेरिकेत सिनेटरांची थेट निवडणूक १९१३च्या घटनादुरुस्तीने आली.

‘अध्यक्ष’ या शब्दालाही जपावे. जेम्स पोल्क प्रतिनिधीगृहाचे अध्यक्ष होते आणि पुढे अमेरिकेचेही अध्यक्ष झाले. अशा वेळी दुसऱ्या ठिकाणी ‘राष्ट्राध्यक्ष’च हवे. नीलम संजीव रेड्डी लोकसभेचे अध्यक्ष होते, नंतर राष्ट्रपती झाले. तिथे ही अडचण येत नाही, कारण भारतापुरता ‘राष्ट्रपती’ हा वेगळा शब्द मराठीने राखून ठेवला आहे.

‘आमदार’ शब्द एका जागी मात्र तोकडा पडतो. ‘आमदार आणि खासदार मिळून राष्ट्रपती निवडतात’ असे सर्रास लिहिले जाते. महाराष्ट्रात विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ सदस्य आहेत आणि आपण सगळ्यांनाच आमदार म्हणतो. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत आमदारांपैकी मत असते ते फक्त विधानसभेच्या निवडून आलेल्या सदस्यांना, परिषदेच्या आमदारांना नाही. त्या वाक्यात ‘विधानसभेचे निर्वाचित सदस्य’ असेच लिहावे, वाक्य थोडे लांबले तरी.