चाळकेवाडीच्या निम्म्या पवनचक्क्या बंद दिसतात, मग पवनऊर्जेवर भरवसा कसा ठेवायचा?

तुम्ही मार्चमध्ये सज्जनगड-ठोसेघर करून चाळकेवाडीच्या पठारावर गेलात, निम्मी यंत्रं थांबलेली पाहिलीत आणि विचारलंत, की एवढा पैसा वाया गेला का? माझ्या मते नाही. साताऱ्याचा वारा उत्तमच आहे. दुखणं असं, की राज्यातल्या चांगल्यात चांगल्या वाऱ्याच्या जागा आपण सगळ्यात आधी आणि सगळ्यात लहान यंत्रांनी अडवून ठेवल्या.

आधी मार्चचं बघू. या दिवसांत सह्याद्रीवर वारा पडलेला असतो आणि ताशी १०-१२ किलोमीटरच्या खाली वीज तयारच होत नाही. वर्षाच्या एकूण विजेतली निम्म्याहून बरीच जास्त जून ते सप्टेंबरमध्ये येते, त्यामुळे तेल बदलणं, बोल्ट आवळणं, पात्यांची डागडुजी ही कामं पावसाळ्याआधीच उरकतात. सगळी यंत्रं एकदम थांबलेली दिसली तर वारा नाही किंवा फीडर (यंत्रांची वीज ग्रिडपर्यंत नेणारी वाहिनी) गेलाय असं समजा, कारण जुन्या यंत्रांतले इंडक्शन जनरेटर ग्रिडशिवाय चालत नाहीत. शेजारची फिरत असताना एखादंच पात्यांची धार वाऱ्याकडे करून उभं असेल, तर ते बहुधा नादुरुस्त. बऱ्याचदा बेअरिंग किंवा कंट्रोलरचं कार्ड गेलेलं असतं, आणि बंद झालेल्या मॉडेलचे सुटे भाग लवकर मिळत नाहीत.

आता यंत्राच्या आकाराचं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ताकद आठपट होते, आणि पाती जेवढं क्षेत्र व्यापतील तेवढीच ती हाती लागते. २००० सालच्या आसपासच्या ३५० किलोवॅटच्या यंत्राच्या चक्राचा व्यास ३३ मीटरच्या घरात, म्हणजे क्षेत्र साधारण ८५५ चौरस मीटर. आजच्या ३ मेगावॅटच्या यंत्राचा व्यास १४० मीटर धरला, तर १५,४०० चौरस मीटर. सेकंदाला ६ मीटरच्या मध्यम वाऱ्यात, पठारावरची विरळ हवा धरून, दर चौरस मीटरमागे सुमारे ११३ वॅट असतात. त्यातले ४० टक्के मिळाले तर लहान यंत्र ३९ किलोवॅट देतं आणि मोठं जवळपास ७०० किलोवॅट. शिवाय मोठ्याचा मनोरा उंच, त्यामुळे त्याला वाराही जास्त मिळतो.

मग बदलत का नाहीत? तेव्हा पहिल्याच वर्षी यंत्राच्या किमतीवर भरघोस घसारा (यंत्राची झीज म्हणून धरलेला खर्च) दाखवून कर वाचवता येत असे. ही सवलत यंत्र उभारण्यावर होती, वीज काढण्यावर नव्हती. त्यामुळे कर वाचवू पाहणाऱ्या अनेकांनी यंत्रं घेतली आणि एकाच पठारावर शेजारशेजारच्या यंत्रांचे मालक वेगवेगळे झाले. नव्या यंत्रांमध्ये वाऱ्याच्या दिशेने ५ ते ७ व्यासांचं, म्हणजे ७०० मीटर ते एक किलोमीटर अंतर लागतं. तेवढ्या पट्ट्यातल्या सगळ्या मालकांच्या सह्या झाल्याशिवाय एकही नवं उभं राहत नाही. केंद्राने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये जुनी यंत्रं बदलण्याचं धोरण आणलं, पण खरी अडचण या सह्यांची आहे. त्यात ६८ मीटरचं अखंड पातं घाटाच्या वळणांवरून वर न्यायचं, आणि जुन्या बेताच्या वाहिन्यांच्या जागी दमदार वाहिन्या टाकायच्या.

स्वच्छतेचं म्हणाल, तर हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या (आयपीसीसी) २०१४ च्या अहवालात जमिनीवरच्या पवनऊर्जेचा, यंत्र बनवण्यापासून मोडण्यापर्यंतचा, हिशेब युनिटमागे ११ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड असा आहे, कोळशाचा ८२०. पण पठाराला पवनचक्क्यांची झळ बसतेच, हे लपवू नये. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी चाळकेवाडीतच अभ्यास करून २०१८ मध्ये दाखवलं, की पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्षी कमी झाले आणि गळ्याचा निळा-केशरी पंखा फुलवणारे सरडे वाढले. ते सरडे निर्धास्त झाले होते, पण अंगाने खालावले होते.

म्हणूनच यंत्रं बदलताना जागा नीट निवडावी. जुना पाया मोठ्या यंत्राचा भार पेलत नाही, नवा खोदावाच लागतो. तो कोऱ्या सड्यावर (उघड्या कातळाच्या पठारावर) न खोदता काढून टाकलेल्या यंत्राच्या आवारात खोदावा आणि आहेत तेच रस्ते वापरावेत. जांभ्यावर बोटभर मातीचा थर असतो आणि पावसाळ्यातली सगळी फुलं त्यावरच येतात. एकदा तो मुरमाखाली गेला की परत तयार होत नाही.