इंदूरमध्ये राहतो, मुलीसाठी वेगळं मराठी नाव हवंय, कुठलं ठेवावं?

वेगळं जरूर ठेवा, फक्त ळ असलेलं नाव ठेवायच्या आधी दहादा विचार करा. माझ्या भाचीचं नाव बकुळ, किती गोड, पण इथे शाळेत पहिल्याच दिवशी हजेरीत बकुल झालं आणि पोरगी घरी येऊन विचारते, मावशी माझं खरं नाव कुठलं? मला तेव्हा फार वाईट वाटलं हो, नाव हाक मारणाऱ्याच्या तोंडात बसायला पाहिजे ना.

मला विचाराल तर ओवी. जात्यावर बायका दळताना म्हणायच्या ती ओवी, ज्ञानेश्वरीसुद्धा ओव्यांमध्येच आहे, आणि हिंदीवाल्यालाही नीट म्हणता येतं. रेवा पण छान, नर्मदेचंच नाव, आपल्या नळाला तिचंच पाणी येतं, पण आता ते तेवढं दुर्मिळ राहिलं नाही. मुक्ता आवडत असेल तर बिनधास्त ठेवा. अहिल्या हे तर माळव्याचं हक्काचं नाव, १७६७ ते १७९५ एवढा काळ बाईंनी राज्य सांभाळलं, तरी हल्ली पाळण्यात हे नाव क्वचितच ऐकू येतं.

नेटवरची ती अर्थ न सापडणारी कियारा-मियारा टाइप नावं प्लीज नको. आणि बारशाआधी खिडकीतून पूर्ण नाव आडनावासकट जोरात हाक मारून बघा.