एम.एस्सी.नंतर पीएच.डी.ची जागा आणि संशोधनाची नोकरी कुठे शोधावी? फेलोशिप नसली तरी मिळेल तिथे नोंदणी करून टाकावी का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: करू नये.

रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर आमच्या भागातील एका महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रात मला जागा मिळत होती. फेलोशिपचे पुढे बघू, तोवर सी.एच.बी.वर (म्हणजे तासिका तत्त्वावर, घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर) तास घ्या, असे मार्गदर्शकांनी पहिल्याच भेटीत सांगितले. मी त्यांच्या प्रयोगशाळेत डोकावलो, तेव्हा त्यांचा संशोधक विद्यार्थी नॅकच्या (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या) फायलींना अनुक्रमांक घालत बसला होता आणि शेजारच्या स्टँडवरचा त्याचा कॉलम (मिश्रणातले पदार्थ वेगळे करायची सिलिका भरलेली काचनळी) कोरडा पडून सिलिकाला भेगा गेल्या होत्या. मी जागा नाकारली. राजारामपुरीतले माझे थोरले काका आजही लग्नाकार्यात हा विषय काढतात. नाव नोंदवले की निम्मे काम झाले, असे त्यांचे म्हणणे. मला ते तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही, कारण यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला साधारणपणे सहा वर्षांची मुदत असते, आणि त्यातली उमेदीची वर्षे तासिका तत्त्वावर शिकवण्यात गेली तर प्रबंध लिहायचा केव्हा? मी पुण्यात एका प्रकल्पावर सहायक म्हणून काम केले, तिथे उपकरणे हाताळायला शिकलो, जे.आर.एफ. (राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळवली आणि मगच कोल्हापुरात परत येऊन नोंदणी केली.

जे.आर.एफ.ची रक्कम जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता अशी आहे. प्रकल्पांवरच्या जागांच्या जाहिराती विद्यापीठे आणि आयसर, एनसीएल यांसारख्या केंद्रीय संशोधन संस्था यांच्या संकेतस्थळांवर निघतात. मुदत थोडी असते, म्हणून दर आठवड्याला पाहाव्यात. जर्मनी, नेदरलँड्ससारख्या देशांत पीएच.डी.ची जागा बहुधा पगारी नोकरी म्हणूनच जाहीर होते, त्यासाठी युरॅक्सेस हे युरोपातल्या संशोधन-नोकऱ्यांचे संकेतस्थळ पाहावे.

ओळखीपेक्षा मार्गदर्शकाकडे जागा रिकामी आहे का, हे आधी विचारा. एका वेळी प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध शोधगंगेवर (भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात) उघडून पाहा आणि सध्याच्या विद्यार्थ्याला एकट्याला गाठून बोला. मार्गदर्शकांसमोर तो खरे सांगणार नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी लागेल. सारथी, बार्टी, महाज्योती या ठरावीक समाजगटांसाठीच्या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपसाठी पीएच.डी.ची नोंदणी आधी झालेली असावी लागते, त्यामुळे तुम्ही त्यांपैकी एखाद्या संस्थेच्या लक्ष्यगटात बसत असाल तर माझा नियम तुम्हाला जसाच्या तसा लागू नाही. कायम नोकरीत राहून अर्धवेळ पीएच.डी. करणाऱ्या शिक्षकांनाही नाही. तरीही फेलोशिपची रक्कम हातात पडेपर्यंत खर्च कसा भागवणार, याचा हिशेब घरच्यांपुढे मांडून मगच प्रवेशाचा अर्ज भरा.