हवाईतल्या पिवळ्या चेहऱ्याच्या माश्या फोटोवरून ओळखता येतात का?

तुम्ही विचारलंय की हवाईला गेलेल्या बहिणीने दोन बारक्या काळ्या माश्यांचे (घरमाशी नव्हे, मधमाशीच्या नात्यातल्या) फोटो पाठवले, एकीच्या तोंडावर पिवळा डाग आहे, दुसरी साफ काळी, तर या दोन जाती कोणत्या?

दोन जाती असतीलच असं नाही. नवरा-बायकोही असू शकतात. मी नागपूरला प्राणिशास्त्र शिकवतो आणि ही चूक स्वतः करून बसलोय. सेमिनरी हिल्सकडे बहावा फुलला की भुंगे येतात. त्यातला एक छातीवर पिवळा नि बाकी काळाकुट्ट, दुसरा अंगभर हिरवट-पिवळा. दोन वर्षं मी वहीत दोन जाती लिहीत होतो. मग एका विद्यार्थिनीने भिंगाखाली शृंगिकेचे (डोक्यावरच्या मिशीचे) खंड मोजले: एकीचे 12, दुसऱ्याचे 13. मादीला 12, नराला 13. माझ्या दोन जातींची एक झाली, आणि वर्गात जे हसू झालं ते वेगळंच.

तुमच्या माश्या हायलियस वंशाच्या दिसतात. हवाईत या वंशाच्या 60 हून जास्त जाती फक्त तिथेच सापडतात आणि त्या सगळ्या एकाच पूर्वजापासून फुटल्यात. मधमाशीच्या नात्यातल्या, त्या बेटांच्या मूळच्या माश्या एवढ्याच. मधमाशी तिथे माणसाने 1857 मध्ये नेली. अंगावर केस जवळपास नाहीत, पायांवर परागाची पिशवी नाही. पराग गिळून पोटातून नेतात. म्हणून लोक त्यांना पंख फुटलेली मुंगी समजून सोडून देतात.

नर असेल तर चेहरा समोरून बघा. अँथ्रॅसिनस या जातीच्या नराच्या तोंडावर एकच मोठा पिवळा ठिपका असतो. लाँगिसेप्स या दुसऱ्या जातीचं डोकं लांबट, आणि त्याच्या नराचा पिवळा पट्टा कडेकडेने शृंगिकांच्या वरपर्यंत चढतो. दोघांच्याही माद्या मात्र पूर्ण काळ्या! म्हणजे तुमच्या 'साफ काळ्या' माशीबद्दल तिचा रंग काहीच सांगत नाही.

मादीसाठी मग बारकावे लागतात. अँथ्रॅसिनसच्या जबड्याला तीन दात आणि पोटाच्या टोकाला काळे केस असतात. तसा तीन दातांचा जबडा त्या बेटांवर आणखी एकाच जातीचा, फ्लॅव्हिफ्रॉन्सचा. ती तिची जवळची बहीण, पण ती काउआई बेटाकडची. अँथ्रॅसिनस ओआहू, मोलोकाई, माउई आणि मोठ्या हवाई बेटावर. त्यामुळे बेटाचं नाव कळलं की अर्धं काम होतं. दात मात्र मोबाइलच्या फोटोत दिसणार नाहीत, त्याला सूक्ष्मदर्शकच लागतो.

डीएनए तपासून मोकळं व्हावं असं वाटेल, पण तिथेही गोम आहे. यातल्या बऱ्याच जातींत एकाच माशीच्या शरीरात मायटोकाँड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाच्या) डीएनएचे एकापेक्षा जास्त प्रकार सापडतात, हे 2010 च्या सुमारास स्पष्ट झालं. ओळखीसाठी वाचतात तो तुकडा नेमका तिथलाच, त्यामुळे तो वाचताना गोंधळ होतो. शिवाय बाहेरून आलेले हायलियसही आता तिथे आहेत, त्यात एक तर आपल्या भारताकडची. त्यामुळे हायलियस दिसली म्हणजे मूळचीच, असंही धरता येत नाही.

बहिणीला म्हणावं, पकडू नको. अँथ्रॅसिनस आणि लाँगिसेप्स धरून सात जाती 2016 पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत आहेत. फक्त बेट कोणतं, समुद्रकिनारा की डोंगर, आणि माशी कोणत्या फुलावर होती (किनाऱ्यावर बहुधा नौपाका नावाचं झुडूप) ते लिहून ठेव. तोंडाचा समोरून एक फोटो मिळाला तर नराचं नाव सांगायचा प्रयत्न करता येईल. काळ्या मादीचा वरून काढलेला फोटो असेल तर मी वहीत 'हायलियस, मादी' एवढंच लिहीन.