पहिला एक स्टार पडला म्हणून हातपाय गाळू नका

नव्याने ऑनलाइन माल विकायला लागल्यावर पहिला एक स्टारचा रिव्ह्यू पडला की पोटात गोळा येतो, मलाही आला होता. पण तो रिव्ह्यू काढून टाकायच्या मागे लागू नका. सगळीकडे पाचच स्टार दिसले की गिऱ्हाईक उलट बिचकतं. घरच्यांनीच लिहिले असणार, असं त्याला वाटतं.

स्टारला वजन आहे, यात शंका नाही. हार्वर्डच्या मायकेल लुका यांनी २०११ साली सिएटलमधल्या रेस्टॉरंटांचा अभ्यास मांडला. येल्प या रिव्ह्यूंच्या वेबसाइटवर एक स्टार वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं, असं त्यात दिसलं. गंमत म्हणजे हा परिणाम स्वतंत्र रेस्टॉरंटांपुरताच होता, गावोगावी शाखा असलेल्या मोठ्या साखळ्यांना फारसा फरक पडला नाही. नाव नसलेल्याची ओळख रिव्ह्यूच करून देतात. तुम्ही आत्ता तिथेच आहात.

मी विकलेल्या एका पिशवीबद्दल कुणीतरी लिहिलं होतं, ‘चेन तिसऱ्या दिवशी अडकली.’ मी आधी लांबलचक सफाई लिहिली, मग सगळी खोडली. ‘चूक आमची, नवी पिशवी आज पाठवली’ एवढंच ठेवलं. पुढे दोघांनी ते उत्तर वाचून ऑर्डर दिल्याचं सांगितलं! चेन मात्र बदललीच, नाहीतर उत्तर कितीही गोड असून काय उपयोग?

रिव्ह्यू मागताना ‘पाच स्टार द्या’ म्हणू नका. माल पोचून आठवडाभर वापरू द्या, मग ‘कशी वाटली?’ विचारा, फोटो मिळाला तर उत्तमच. आणि मित्रांकडून खोटे रिव्ह्यू? अजिबात नको. अमेरिकेत तर २०२४च्या नियमाने त्यावर दंडही होऊ शकतो.