काकांची वॅगनआर पावसाळ्यात कॉलेजला नेऊ का?

सेकंड इयरला आहेस म्हणजे माझ्यापेक्षा बराच लहान, म्हणून 'तू'च म्हणते.

तुझा प्रश्न असा आहे: घर रामगडच्या पुढे, मुख्य रस्त्यापासून दोन किलोमीटर आत. कॉलेज कणकवलीला, एका बाजूने बावीस किलोमीटर. काकांची २०११ ची वॅगनआर अंगणात उभी, काका मुंबईला. पावसाचे चार महिने ती घेऊन कॉलेजला जावं का? बाबा म्हणतात, पावसात बाइकपेक्षा गाडी बरी.

बाइकबद्दल बाबांचं बरोबर आहे. हेल्मेटच्या काचेवर पाणी, समोरून डंपर, खाली लाल चिखल, त्यावर वाद घालायला मी येणार नाही. पण तू एसटीचा विचार केलेलाच दिसत नाही, आणि तुझ्या रस्त्यावर एसटी चालू आहे. रोजच्या जाण्यायेण्याला गाडी नेऊ नकोस असं माझं मत. हे मत मला १८,००० रुपयांना पडलंय.

माझं माहेर माणगाव खोऱ्यात. कॉलेज कुडाळला. आमच्याकडचा आंबेरीचा जुना पूल ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचं सांगायला नकोच: निर्मला नदीला पाणी चढलं की पूल पाण्याखाली आणि वरच्या गावांचा संपर्क बंद, हे वर्षानुवर्षं चाललेलं. २०१२ साली बाबांनी त्यांची जुनी मारुती ८०० मला दिली. मुलगी एकटी थांब्यावर भिजत उभी राहते ते त्यांना बघवत नव्हतं. मलाही मिरवायचं होतंच.

जून छान गेला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी प्रॅक्टिकल आटपून निघाले. मोठा पूल मोकळा होता, म्हणून जीव भांड्यात पडला. घरापासून दीड किलोमीटरवर आमचा एक व्हाळ, म्हणजे ओढा, आहे. उन्हाळ्यात तिथं गुरांना प्यायलाही पाणी नसतं. त्या दिवशी मोरीवरून पाणी वाहत होतं. पुढची बोलेरो आरामात पार झाली, मी तिच्या मागे घातली. बोलेरो केवढी उंच, मारुती केवढी ठेंगणी, हा विचार तेव्हा आला नाही. मध्यावर पोचले तेव्हा पाणी बॉनेटवर फुटलं, इंजिनानं एक आचका दिला आणि बंद.

पलीकडे डोक्यावर खोळ घेऊन एक म्हातारे उभे होते. ते ओरडले, "गो बाय, परत चालू करू नको!" मी ऐकलं, आणि तरी किल्ली फिरवली. दोनदा.

इंजिनात काय झालं ते गॅरेजवाल्यानं नंतर समजावलं. हवा आत ओढण्याचं तोंड पाण्यात गेलं की सिलिंडरमध्ये हवेऐवजी पाणी शिरतं. पिस्टन हवा दाबू शकतो, पाणी दाबता येत नाही. पिस्टन वर यायला बघतो, पाणी जागचं हलत नाही, मग मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडली तेव्हाच ढकलून बाहेर काढली असती, तर स्पार्क प्लग काढून पाणी काढण्यावर भागलं असतं, असं त्याचं म्हणणं. माझ्या दोन किल्ल्यांनी इंजिन खोलायची वेळ आणली. विमा होता, पण नुसता थर्ड पार्टी. त्यात स्वतःच्या गाडीचा एक रुपया मिळत नाही. सर्वसमावेशक विमा असता तरी पाण्यात गाडी चालू करून इंजिनाचं नुकसान करून घेतलं, तर इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कलम नसताना कंपन्या हात वर करतात.

गाडी २३ दिवस गॅरेजात होती आणि मी एसटीनं जात होते. त्या पावसाळ्यात माझे जेवढे दिवस बुडले, ते मी नंतर वहीतल्या तारखांवरून मोजले. गाडी असतानाचे आणि नसतानाचे जवळजवळ सारखेच निघाले. पूल बंद तर सगळ्यांनाच बंद. फरक एवढाच की एसटीवाला डेपोत कळवून मागे फिरायचा, आणि मी स्टिअरिंग धरून 'जरा उतरलं असेल का' म्हणत पुढे सरकायचे. गाडी हाताशी असली की न निघण्याच्या दिवशीही माणूस निघतो. तुझ्या बाबांना माझी हरकत सांगायची झाली तर एवढीच सांग.

तुझ्या वाटेवर गड नदी आहे, तिला मिळणारे व्हाळ आहेत, हे तुला मी काय सांगणार. वाहतं पाणी फूटभर असलं तरी छोट्या गाडीचा तोल जाऊ शकतो. वरून ते लाल असतं, खालचा रस्ता दिसत नाही, खचलाय का तेही कळत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल वाहून गेला, तेव्हा अंधारात गाड्या थेट नदीत गेल्या, त्यात दोन एसट्याही होत्या. तेव्हापासून माझी आई पावसाळ्यात रात्री कुणाला पुलावरून येऊ देत नाही. नातेवाइकांकडे राहा म्हणते. अतिरेक आहे, पण मी तिला नावं ठेवत नाही.

आता पैशाचं बघू. घरची गाडी आहे, फक्त पेट्रोल घालायचं, असं तू लिहिलंस. रोजचे चव्वेचाळीस किलोमीटर, चढउताराचा रस्ता, वायपर-दिवे-एसी सगळं चालू. जुनी वॅगनआर लिटरला पंधरा-सोळा देईल. म्हणजे पावणेतीन लिटर, रोजचे पावणेतीनशे-तीनशे रुपये. महिन्याला सहा-सात हजार नुसतं पेट्रोल. एसटीच्या विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्सा तू भरतोस. हा फरक कॅलक्युलेटर न काढताही दिसतो.

विम्याचंही बघ. तुझ्या गाडीचं इंजिन ९९८ सीसी, म्हणजे १,००० सीसीच्या आतलं. या गटाला थर्ड पार्टीचा हप्ता जून २०२२ पासून २,०९४ रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी असा ठरला. हा बेसिक झाला, कायद्यानं सक्तीचा. त्याच्यासोबत १५ लाखांचं अपघात कवच येतं, ते ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्यासाठी. गाडी काकांच्या नावावर, चालवणार तू. तुला काही झालं तर ते कवच काकांचं, तुझं नाही. घरातल्या गाडीच्या बाबतीत हे कुणी बघतच नाही.

शिवाय एक वर्गमित्र नि दोन मैत्रिणी वाटेवरून येतील, ते पैसे देतील, असं म्हणतोस. पेट्रोल वाटून घेणं वेगळं आणि डोईमागे भाडं घेणं वेगळं. पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडं घेतलंस आणि काही झालं, तर विमा कंपनीला नाही म्हणायला आयतं कारण मिळतं.

खरं तर गाडी चालवण्यापेक्षा ती सांभाळणं हाच आपल्याकडे पावसाळ्यातला उद्योग आहे. दोन दिवस हँडब्रेक ओढून ठेवलीस तर तिसऱ्या दिवशी मागची चाकं सुटत नाहीत. पहिल्या गिअरमध्ये घालून चाकाखाली दगड लाव, हँडब्रेक ओढू नको. सीटवर बुरशी येते, ती पुसली तरी वास गणपतीपर्यंत राहतो. उंदीर बॉनेटखाली उबेला येतात आणि वायरी कुरतडतात. आणि माडाखाली गाडी लावू नकोस, हे कोकणातल्या मुलाला सांगावं लागू नये, पण माझ्याच चुलतभावानं काच फोडून घेतली आहे. नारळसुद्धा नव्हता, झावळी होती.

तरीही कधी न्यावी लागलीच, तर माझ्या मते सगळ्यात धोक्याची जागा पाणी नाही, साइडपट्टी आहे. आपले आतले रस्ते एका गाडीचे. समोरून एसटी किंवा डंपर आला की तू डावीकडे उतरणार. एरवी तिथं कडक जांभा असतो. पण केबलवाल्यांनी चर खणून माती नुसती वर लोटलेली असते, आणि जुलैत तिची खीर होते. डावी चाकं त्यात गेली की गाडी पोटावर बसते. मग अॅक्सिलरेटर दाबलास की चाक आणखी खोल. माझी अशी दोनदा बसली. दुसऱ्यांदा समोरच्या एसटीतूनच चौघं उतरले, चाकाखाली चिऱ्याचे तुकडे घातले आणि ढकलून वर काढली. कंडक्टर सारखा घड्याळ बघत होता. समोर मोठी गाडी दिसली की लांबच, कडक जागा बघून थांब. त्याला पुढे येऊ दे. यात कमीपणा काही नाही. मुसळधार पावसात दिसेनासं झालं की कोकण रेल्वेच्या गाड्यासुद्धा ताशी ४० किलोमीटरवर आणतात, पावसाळ्याचं वेळापत्रकच वेगळं असतं. आणि त्यांना साइडपट्टी नसते.

काच आतून धुकटली की हातानं पुसू नकोस, एसी लाव. गारव्यासाठी नाही, हवेतली ओल ओढून घ्यायला. वायपरची रबरं मिरगाच्या आधी बदल. टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की तो टायर कायद्यानंही बाद, पण आपल्या पावसात तिथपर्यंत थांबूच नये. माझा मावसभाऊ कॅनडात शिकतो, तिथं क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे असतात. त्याला वाटतं आपल्याकडे काही नियम नाही म्हणजे आपल्याकडे सोपं आहे. त्याला एकदा आंबोलीच्या धुक्यात बसवायला हवं, तेही रविवारी, धबधब्यावर आलेल्यांच्या गर्दीत. संध्याकाळनंतर रस्त्यात गुरं बसलेली असतात, कारण डांबर तेवढं कोरडं आणि गरम. काळी म्हैस, काळा रस्ता. आणि चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात चाकरमान्यांच्या गाड्या आल्या की आतले रस्तेही तुंबतात, तेव्हा तर गाडी अंगणातच बरी.

मग तू करावंस काय? घरापासून मुख्य रस्त्यापर्यंतचे दोन किलोमीटर हाच तुझा खरा प्रश्न आहे, बावीस नाहीत. तेवढ्यासाठी बाइक किंवा सायकल घे, थांब्याजवळच्या कुणा ओळखीच्या दुकानाच्या पडवीत लाव, पुढे एसटी. दोन किलोमीटर हळू जाता येतं. प्रॅक्टिकलच्या दिवशी शेवटची गाडी चुकते म्हणतोस, तर वस्तीची गाडी किती वाजता सुटते ते कणकवली डेपोत एकदा नीट विचार. ती उशिरा सुटते आणि रात्री गावातच मुक्कामाला राहते, त्यामुळे सकाळची पहिली फेरीही तीच. तीही जमत नसेल तर जुलै-ऑगस्ट एखाद्या मित्राच्या रूमवर खाटेपुरती जागा घे. दोन महिन्यांचं भाडं तुझ्या एका महिन्याच्या पेट्रोलपेक्षा कमी पडेल.

गाडी विकून टाका असं मी म्हणत नाही. ती घरी असू दे, आजीला दवाखान्यात न्यायला लागतेच. आठवड्यातून एकदा बाबांना शेजारी बसवून कणकवलीपर्यंत चालव. बॅटरीही जिवंत राहील, पावसात चालवणं हाताला बसेल. पाण्यात बंद पडली तर किल्लीला हात लावायचा नाही, एवढं त्यांनाही सांगून ठेव. माझ्या बाबांनाही ते ठाऊक नव्हतं.

आणि आज घरी गेलास की आधी आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, काढून तारीख बघ. गाडी २०११ ची म्हणजे पंधरा वर्षं २०२६ मध्ये भरतात. त्यानंतर नोंदणीचं नूतनीकरण करून घेतल्याशिवाय ती रस्त्यावर आणता येत नाही. चारचाकीचं शुल्क ५,००० रुपये, वर पर्यावरण कर, आणि गाडी तपासणीला ओरोसला आरटीओत न्यावी लागते. काकांना फोन कर, कारण सह्या त्यांच्या लागणार.