साताऱ्यात लॉ करणाऱ्या मुलांचा परीक्षेच्या दिवसांत अभ्यास होतो तरी कधी?

तुम्ही लिहिलंय की धाकटा भाऊ साताऱ्यात तीन वर्षांच्या एलएलबीला आहे, आणि ऐन परीक्षेत फोन केला की कधी चार भिंती या टेकडीवर असतो, कधी कोर्टात, कधी राजवाड्याच्या चौपाटीवर. मग हा अभ्यास करतो कधी? मी २०२३ च्या बॅचचा, याच गावातून नुकतंच एलएलबी संपवलंय. तो खोटं बोलत नाहीये एवढं आधी सांगतो. तो खरंच चार भिंतीवर असणार.

लॉचा अभ्यास खोलीत बसून फार वेळ होत नाही. नुसती कलमं छापलेला बेअर अ‍ॅक्ट घेऊन तासभर बसलं की डोळे मिटायला लागतात. आमच्या बॅचला तर दुहेरी ताप झाला. पहिल्या वर्षी ५११ कलमांची भारतीय दंड संहिता घोकली आणि १ जुलै २०२४ पासून ३५८ कलमांची भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाच्या ३०२ चं १०३ झालं, खुनाच्या प्रयत्नाच्या ३०७ चं १०९, आणि विवाहितेच्या छळाच्या ४९८अ चं ८५ आणि ८६ असं विभाजन झालं. यावर आम्ही एक खेळ काढला होता. संध्याकाळी चार भिंतीची चढण चढताना एकानं जुनं कलम म्हणायचं, दुसऱ्यानं नवं. चुकला त्यानं चहा पाजायचा. मी बराच चहा पाजलाय. ४२० सगळ्यांच्या जिभेवर, पण त्याचं ३१८ झालं हे कुणाच्या पचनीच पडेना. "लका, ३१८ म्हणून कुणाला शिवी तरी देता येईल का?" हा आमच्या रूम पार्टनरचा कायमचा आक्षेप.

वरच्या हुतात्मा स्मारकापाशी गेल्यावर रंगो बापूजींचा विषय निघायचाच. इंग्रजांनी साताऱ्याच्या गादीवरून काढलेल्या प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला हा माणूस लंडनला गेला, चौदा वर्षं तिथं राहिला, आणि दाद लागली नाही. उलट १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्यच खालसा झालं. ज्याच्या दोन-तीन एटीकेटी, म्हणजे मागचे राहिलेले विषय, असायच्या, त्याला हे ऐकून फार धीर यायचा.

चौपाटीचं मात्र समर्थन करणार नाही. तिथं मुलं खायलाच जातात आणि पोट भरल्यावर झोपतात.

आता बातम्यांचं. परीक्षेच्या दिवसांत लॉच्या पोरांना बातमी लागते तशी एरवी लागत नाही. निम्म्या तर अफवाच. "पेपर पुढे गेला" असा मेसेज दर सत्रात एकदा यायचा, सोबत कुणीतरी तारीख खोडलेलं जुनं परिपत्रक. पुरावा कायद्याचा पेपर दोन दिवसांवर, आणि मूळ प्रत कुठंय हे विचारायचं एकालाही सुचत नसे.

पण २० मे २०२५ ची बातमी खरी होती. आमची उन्हाळी परीक्षा चालू होती. दुपारी कळलं की सर्वोच्च न्यायालयानं दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेला बसायला तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. २००२ पासून ही अट नव्हती. आमच्यातले पाच-सहा जण तर जेएमएफसीसाठी, म्हणजे याच न्यायाधीशपदाच्या परीक्षेसाठीच लॉला आलेले. त्या रात्री अभ्यासिकेत पुस्तक कुणीच उघडलं नाही. एक पोरगी रडली. तिच्या घरी लग्न थांबवलं होतं ते याच परीक्षेच्या नावावर. मग कुणीतरी निकाल मोबाईलवर उघडला आणि आम्ही मोठ्यानं वाचायला लागलो. तीन वर्षं मोजायची ती वकिलीची तात्पुरती सनद मिळाल्याच्या तारखेपासून, सनदेनंतरची ऑल इंडिया बार एक्झाम पास झाल्यापासून नव्हे. न्यायाधीशाकडं लॉ क्लार्क म्हणून काम केलं तर तेही धरायचं. रात्री एकच्या सुमाराला हिशेब लागला की एक पेपर राहिला तरी सनद लांबणार आणि ती तीन वर्षंही तेवढीच पुढं सरकणार. त्यानंतर जी पुस्तकं उघडली ती पहाटेपर्यंत. सनदेची फी तरी आदल्या वर्षीच्या निकालानं खुल्या गटाला ७५० रुपयांवर आली होती, तेवढाच दिलासा.

शेवटच्या वर्षी हिवाळ्यात चर्चा एकच होती, मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच. १८ ऑगस्ट २०२५ ला ते सुरू झालं आणि साताऱ्यासह सहा जिल्ह्यांची हायकोर्टाची कामं मुंबईऐवजी तिथं जायला लागली. कोल्हापुरात खोली कोण घेणार, कुणाचा ज्युनिअर होणार यावर पैजा लागायच्या. पास व्हायचं अजून बाकी होतं, ही बारीकशी अडचण.

राहिलं कोर्ट. ती चैन नव्हे, मार्कांचा मामला आहे. शेवटच्या वर्षी मूट कोर्टचा, म्हणजे लुटुपुटूच्या खटल्याचा पेपर असतो, त्यात ३० मार्क एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला प्रत्यक्ष पाहून टिपणं काढायला, ३० मूटला, ३० पक्षकाराच्या मुलाखती आणि डायरीला, १० तोंडीला. सगळे हे शेवटच्या पंधरवड्यावर ढकलतात, म्हणून परीक्षा आली की कोर्टाच्या व्हरांड्यात पांढऱ्या शर्टांची गर्दी दिसते. मी पाहायला गेलेल्या दिवाणी दाव्याला त्या दिवशी पुढची तारीख पडली. बाहेर बाकावर वादी म्हातारबुवा बसलेले. बांधाचा वाद. त्यांनी मला तात्पुरती मनाई म्हणजे काय ते शेंगा सोलत सोलत समजावलं: आधी आपलं म्हणणं वरवर तरी खरं दिसलं पाहिजे, मग मनाई न मिळाल्यानं गैरसोय कुणाची जास्त ते बघतात, आणि पैशानं भरून निघणार नाही असं नुकसान दाखवावं लागतं. दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या मनाईच्या आदेश ३९ वर मी तीन वेळा नोट्स काढल्या होत्या, डोक्यात शिरलं ते तिथं. पेपरला तो प्रश्न आलाच नाही, ते सोडा.

आणि ७ नोव्हेंबरला सकाळी फोन केलात आणि तो प्रतापसिंह हायस्कूलपाशी असला, तर रागावू नका. बाबासाहेबांचा शाळेतला पहिला प्रवेश तिथला, ७ नोव्हेंबर १९०० चा. आमच्यातला दहाच्या आत न उठणारा एक जण त्या दिवशी सातला तिथं हजर असायचा.

तेव्हा अभ्यास झाला का हे त्याला विचारूच नका, तो "चाललाय" म्हणेल. शेवटच्या वर्षाला असेल तर डायरीवर सरांची सही झाली का तेवढं विचारा. नसेल झाली तर त्याच दिवशी कॉलेजात पाठवा, कारण शेवटच्या दिवशी सरांच्या दारात अख्खा वर्ग उभा असतो.